घरात एकटं असताना बाथरूमचं दार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा नकाशा दाखवायला बसलं की हॉल किती फुटी आणि देवघर कुठल्या तोंडाचं यावर तास तास चर्चा होते. बाथरूमवर कोणी बोलत नाही. मग निघताना, चपला घालता घालता, हळूच एखादा प्रश्न येतो. बाया असतील तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतात. जळगाव-धुळ्याकडे घरं बांधून देण्याच्या कामात असे बरेच प्रश्न साठले, त्यांची ही उत्तरं. दुखण्याखुपण्याचा भाग येतो तिथे जुजबीच सांगितलंय, पुढचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

घरात कोणी नसलं की मी दार उघडंच ठेवतो. यात काही विचित्र आहे का?

काही नाही. दार लावायचं ते दुसऱ्या माणसासाठी. ते माणूस घरात नसेल तर दाराला काम उरत नाही. बरेच लोक असंच करतात, फक्त सांगत नाहीत. आणि आपल्याकडे त्याला कारणंही आहेत. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. चार बाय पाचच्या संडासात पंखा नसतो, वर झरोका असतो तोही पश्चिमेला. तिथे दार लावून बसणं म्हणजे शिक्षाच. शिवाय एकट्या माणसाचा एक कान कायम बाहेर असतो. कुकरची शिट्टी झाली का, दूध वर आलं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळ आले का. ज्या गावात पाणी काही दिवसांआड येतं तिथे नळाचा आवाज चुकवून चालत नाही.

एवढंच बघा की घरात खरंच कोणी नाही. पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

आमच्या गल्लीत कोणीही न विचारता आत येतं. मग एकटं असणं म्हणजे नेमकं काय?

हा खरा खानदेशी प्रश्न. बाहेरचं दार सकाळी उघडलं की रात्री झोपतानाच लागतं. शेजारची काकू वाटीभर साखरेला येते, ती ओट्यावरूनच "शेतस का कोनी घरमा?" (आहे का कोणी घरात?) म्हणत थेट स्वयंपाकघरात पोचते. उत्तराची वाट बघायची पद्धतच नाही. पाठोपाठ सिलिंडरवाला, मीटर बघणारा, वर्गणी मागायला आलेली पोरं. त्यामुळे बाथरूमचं दार उघडं ठेवायचं असेल तर आधी बाहेरचं लावा. क्रम हाच. भरदुपारी दार लावलं म्हणून लोक नावं ठेवतील असं वाटतं खरं. दोन दिवस विचारतात, मग सवय होते.

पण बाहेरचं दार कशाने लावताय हेही बघा. आतून आगळ, कडी किंवा अलड्रॉप (आडवा सरकवायचा जाड लोखंडी दांडा) घातला, तर शेजारी ठेवलेल्या किल्लीचा काही उपयोग नाही. बाहेरून किल्ली फिरली तरी दार उघडणार नाही. एकटं राहणाऱ्याने दिवसा फक्त नाइट लॅचवर दार ओढून घ्यावं, जे आतून आपोआप लागतं आणि बाहेरून किल्लीने उघडतं. एक किल्ली शेजारी, एक नात्यातल्या जवळच्या माणसाकडे. आगळ रात्रीसाठी ठेवा. खेड्यातल्या जुन्या दारांना लॅच बसत नाही असं सुतार सांगतात, पण वरून बसवायचं कुलूप मिळतं आणि सागाच्या जाड फळीवर ते उलट चांगलं धरतं.

माझं उलटं आहे. घर रिकामं असलं तरी कडी घातल्याशिवाय मला होतच नाही.

हेही तितकंच नेहमीचं आहे. दहा-बारा माणसांच्या घरात, एका संडासावर वाढलेल्या माणसाचं शरीर कडीचा आवाज ऐकल्याशिवाय सैल पडत नाही. लहानपणी कोणीतरी दार ढकललेलं असतं, ते अंगात राहतं. सवय मोडायचीच असं नाही. कडी बदला, सवय राहू द्या. कशी बदलायची ते खाली सांगतो.

घराबाहेर, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा रेल्वेत बाहेर माणसं उभी आहेत म्हणून लघवीच सुरू होत नाही, अशी तक्रारही पुष्कळ जणांना असते, पुरुषांना जास्त. याचे उपचार असतात, आणि ते बहुतेक मनाचे, म्हणजे हळूहळू सराव देण्याचे असतात. मात्र घरी एकटं असतानाही धार अडत असेल, वारंवार उठावं लागत असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर तो संकोच नव्हे. पुरुषांनी प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) दाखवून घ्यावी.

मग एकट्याने कडी घालावी की नाही? एकच काय ते सांगा.

दार लोटून घ्या. बाहेरून उघडता येणार नाही अशी कडी मात्र घालू नका.

कारण साधं आहे. घरात चार माणसं असताना कडी बाहेरच्याला अडवते. घरात कोणीच नसताना ती फक्त मदतीला अडवते. बाथरूम ही घरातली सगळ्यात निसरडी जागा, आणि पाय घसरणं हे त्यातलं एकच कारण. कडक पाण्याने अंघोळ केली की रक्तवाहिन्या सैल होतात आणि ताठ उभं राहताना डोळ्यापुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही उठल्याउठल्या दाब खाली जातो. संडासला जोर करताना, रात्री झोपेतून उठून उभ्याने लघवी करताना चक्कर येऊन पडणारी माणसं डॉक्टरांना नवी नाहीत. त्यात उन्हाळ्यात शेतातून आलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. साठीच्या पुढच्या पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी, हा सल्ला ऐकून आमच्याकडचे आबा-तात्या हसतात. हसू द्या, ऐकलं तरी पुरे.

तरण्या माणसाला हे सगळं लागू नाही असं वाटत असेल तर गॅस गिझरचा प्रश्न वाचा.

कडीच्या जागी काय लावायचं?

हार्डवेअरच्या दुकानात बाथरूमचं लॉक म्हणून मागा. आतून खटका फिरवायचा, बाहेरच्या बाजूला एक खाच असते, त्यात नाणं किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवलं की उघडतं. काहींवर लाल-हिरवी खूण दिसते, पाहुणे असताना तिचा चांगला उपयोग होतो. फार खर्चाचं काम नाही, सुतार तासाभरात बसवतो.

तेही नको असेल तर जुना साधा आकडा लावा. पट्टीचा आकडा दाराच्या फटीतून स्टीलची फूटपट्टी घालून वर उचलता येतो. अलड्रॉप तसा उचलता येत नाही. आपल्या खेड्यांत संडासाच्या दाराला सर्रास जाड अलड्रॉप बसवतात, जणू आत सोनं ठेवलंय.

दार आत उघडणारं असावं की बाहेर?

बाहेर. यावर मी नकाशाच्या वेळी भांडतो. माणूस आत पडलं तर ते बहुतेक दारालाच टेकून पडतं, कारण जागाच तेवढी असते. मग आत उघडणारं दार ढकलता येत नाही. ढकललं तर पडलेल्याच्या डोक्याला किंवा खुब्याला लागतं. लॉक बाहेरून उघडलं तरी दार उघडत नाही, अशी अवस्था होते.

लोक म्हणतात, बाहेर उघडलं की बोळात येतं, जाणाऱ्याला लागतं, दिसायला बरं दिसत नाही. बोळ अरुंद असेल तर सरकतं दार करा. जुन्या घरात पीव्हीसीचं दार असेल तर बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करून घेता येतं. चौकटीची खाच आतल्या बाजूला असल्याने तिथे एक पट्टी मारावी लागते, तेवढंच. बाथरूमची दारं बहुधा सव्वादोन ते अडीच फुटी ठेवतात. नवं बांधत असाल तर तीन फूट ठेवा, पुढे वॉकर किंवा खुर्ची आत न्यायची वेळ येते तेव्हा कळतं. उंबरा नको, उतार द्या. आणि संडासाच्या भांड्याशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा, टाइल लावायच्या आधी, विटेत पक्का धरलेला. नंतर टाइलवर प्लगने मारलेला दांडा भाराने उपसतो. टॉवेल वाळत घालायच्या नळीला धरून उठणारी मंडळी बघितली की माझा जीव वरखाली होतो.

माय गावाला एकटी असते. सांगून सांगून थकलो, ती कडी घालतेच.

मुलगा सुरतला किंवा पुण्याला, माय अमळनेर-पारोळ्याच्या बाजूला एखाद्या गावात. हा फोन सगळ्यात जास्त येतो, आणि फोनवरून हुकूम सोडून ती ऐकणार नाही. तिच्या बाजूने बघा. तिची लाज आयुष्यभर तिनेच सांभाळली आहे. तिला "दार उघडं ठेव" म्हणणं म्हणजे तिच्या वयाचा अपमान वाटतो. म्हणून दार उघडं ठेवायला सांगूच नका. सुट्टीत जाल तेव्हा तिला न दुखवता अलड्रॉप काढून बाहेरून उघडणारा खटका बसवून या. तिला आतून लावल्याचं समाधान, तुम्हाला घोर नाही.

दुसरं, अंघोळीची वेळ ठरलेली असू द्या आणि अंघोळीला जाताना एक मिस कॉल, बाहेर आल्यावर एक. पैसे लागत नाहीत, बोलावं लागत नाही. दुसरा मिस कॉल अर्ध्या तासात आला नाही तर तुम्ही करायचा, उचलला नाही तर शेजारी. शेजारची सून हे काम करते, पण तिला आधी सांगून ठेवलेलं असावं आणि किल्ली तिच्याकडे असावी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा कानबाई या खानदेशी देवीच्या सणाला जाल तेव्हा त्या घरी साडीचोळी आणि पेढे विसरू नका.

साधा बटणाचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत खाली, हाताला येईल असा ठेवा. वर फळीवर ठेवलेला फोन पडलेल्या माणसाला मिळत नाही. ११२ हा तातडीचा नंबर बटणावर लावून द्या.

सासूबाई घरात कोणी नसताना तर सोडाच, आम्ही असतानाही संडासाचं दार पूर्ण लावत नाहीत. कसं सांगावं?

थोडं मागे जाऊन बघा. गावोगावी घराशेजारी संडास आले ते मुख्यतः संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं त्यानंतर, आणि २ ऑक्टोबर २०१४ नंतर स्वच्छ भारत मिशनमध्ये. सत्तरीच्या बाईचं निम्म्याहून जास्त आयुष्य अंधार पडल्यावर चौघीजणींनी मिळून टमरेल घेऊन जाण्यात गेलं. तिथे आडोसा अंधाराचा आणि सोबतीचा होता. डोक्यावर आभाळ, गप्पा चाललेल्या. अशा बाईला चार फुटी बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं, घाम फुटतो. ती बेशरम नाही, तिला गुदमरतं.

उपाय बांधकामाचा आहे. वर मोठा झरोका, आत भरपूर उजेड, पांढऱ्या टाइल, आणि दाराऐवजी किंवा दाराच्या आत जाड पडदा. पडदा असला की दार अर्धं राहिलं तरी कोणाची अडचण नाही. तिला सांगायचं असेल तर नातवाला किंवा मुलाला सांगू देऊ नका, लेकीने सांगावं.

एकट्याने गॅस गिझर लावून अंघोळ करताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न संकोचाचा नाही, जिवाचा आहे, म्हणून सविस्तर. गॅस गिझरमध्ये ज्योत जळते, ती खोलीतलाच ऑक्सिजन घेते. खोली बंद असेल तर ऑक्सिजन कमी पडून गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळतीचा जो उग्र वास आपण ओळखतो तो वेगळा, तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तसं काहीच कळत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मग हातापायातली ताकद जाते. इथेच कडी घात करते: माणसाला कळतं की काहीतरी बिघडतंय, पण उठून अलड्रॉप सरकवायचं बळ राहत नाही. तरुण, धडधाकट माणसं यात गेली आहेत.

थंडीत आपल्याकडे पहाटे कडाका असतो, म्हणून लोक झरोक्याला पुठ्ठा लावतात. गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये पुठ्ठा कधीही नको. गिझर बाहेर, गॅलरीत किंवा मागच्या अंगणात बसवून घ्या आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. ते होईपर्यंत आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मगच आत जायचं. डोकं जड वाटलं तर अंगावर काय आहे नाही याचा विचार न करता दार उघडून मोकळ्या हवेत या.

बादलीत सळई टाकून पाणी तापवत असाल तर बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्याला हात. आणि घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. एकट्या माणसाला शॉक लागला तर ओढून काढायला कोणी नसतं, हे यंत्र ते काम करतं.

घरात सीसीटीव्ही बसवला आहे. मुलगा मोबाईलवर बघतो. हे ठीक आहे का?

आई-बाबा एकटे म्हणून हॉलमध्ये कॅमेरा, हे आता जळगावच्या कॉलन्यांमध्ये सर्रास झालंय. हेतू चांगला. पण जुन्या रचनेच्या घरात बाथरूममधून खोलीत जायची वाट हॉलमधूनच असते. आई घरात एकटी आहे असं समजून ओल्या केसांनी, परकर छातीशी धरून हॉलमधून जाते, आणि त्या वेळी पुण्यात मुलाच्या ऑफिसातल्या टेबलावर फोन उघडा असतो. मुलाला वाईट वाटतं, आईला कळलं तर ती आठ दिवस जेवणार नाही. काही जणी कळल्यावर कॅमेऱ्यावर पदर टाकतात, टोपी घालतात. बरोबर करतात.

कॅमेऱ्याचं तोंड बाहेरच्या दाराकडे वळवा. बाथरूमचं दार आणि कपडे बदलायच्या खोलीपर्यंतची वाट त्यात येता कामा नये. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये चित्राचा ठराविक भाग काळा करायची सोय असते, ती वापरा. आवाजही मुद्रित होतो, हे आईला सांगा. पासवर्ड कोणाकोणाकडे आहे हे लिहून काढा, त्यात बसवून देणारा पोरगाही येतो. तो गेल्यावर पासवर्ड बदला. आणि सगळ्यात आधी तिला विचारा. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो निकाल सरकारच्या संदर्भातला, पण आईला विचारायला न्यायालय कशाला लागतं?

बाथरूममध्ये कॅमेरा कोणत्याही कारणाने नाही. "पडली तर कळेल" हेही कारण चालणार नाही. त्यासाठी दोरी ओढली की वाजणारी घंटा मिळते.

अंघोळीनंतर घरात कोणी नाही म्हणून तसंच खोलीत जातो. खिडक्यांचं काय?

दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून जाळीतून आत फारसं दिसत नाही. दिवा लागला की उलट होतं. उन्हाळ्यात आपल्याकडे अर्धं गाव गच्चीवर किंवा धाब्यावर (जुन्या घराच्या मातीच्या सपाट छतावर) झोपायला जातं, आणि शेजारच्या गच्चीवर बाज टाकून पडलेल्या माणसाला तुमच्या झरोक्यातून सरळ दिसू शकतं. त्याची इच्छा असो वा नसो. दुधी काच आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मागे दिवा आणि काचेजवळ माणूस असलं की आकृती उमटते. दिवा झरोक्याच्या विरुद्ध भिंतीवर न लावता झरोक्याच्याच भिंतीवर, त्याच्या वर लावला तर सावली काचेवर पडत नाही. झरोक्याची खालची कड साडेसहा फुटांवर ठेवा. काचेच्या पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला खाली असावा. गवंडी कधीकधी उलटा बसवून जातो, मग पाऊसही आत आणि नजरही.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते. एकटी असले तरी हात जातोच.

भिंत अर्ध्या विटेची आणि पलीकडे दिवाणखाना, तेव्हा लागलेली सवय आहे ही. नळाखाली रिकामी बादली ठेवली तर पाणी वाया जात नाही, तेच पाणी नंतर वापरायचं. साधा नळ मिनिटाला पाच-सहा लिटर तरी सोडतो. धुळ्या-जळगावात टाकी किती दिवस पुरवायची असते हे तुम्हाला मी सांगायला नको. एकटं असताना नळाऐवजी रेडिओ लावा, किंवा गाणं म्हणा. बंद टाइलच्या खोलीत आवाज घुमतो, त्यामुळे बेसूर माणूसही तिथे बरा वाटतो.

मोबाईल आत न्यावा का?

एकटं असाल तर सोबत असू द्या, वर सांगितलं त्याच कारणासाठी. पण बघत बसू नका. संडासावर बराच वेळ बसून राहणं मूळव्याधीला पोसतं, आणि फोन हातात असला की पाच मिनिटांची वीस होतात. भारतीय भांड्यावर पाय अवघडतात म्हणून माणूस आपोआप उठतं, कमोडवर उठवणारं कोणी नाही. व्हिडिओ कॉल चालू असताना फोन आत नेणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

मुलं शाळेतून येऊन तासभर घरी एकटी असतात. त्यांना काय सांगावं?

बाहेरचं दार लावायचं, बाथरूमचं लावायचं पण कडी नाही, गिझरला हात नाही. लहान मुलांच्या हातून कडी लागते आणि निघत नाही, आणि घाबरलेलं पोर ती आणखी गच्च करतं. सात-आठ वर्षांपासून मुलं स्वतःच "तू बाहेर थांब" म्हणायला लागतात. ती चेष्टा समजू नका. मामा, काका, शिकवणीचे सर, कोणीही असो, मुलाने नको म्हटलं की अंघोळ घालायला आत जायचं नाही. एकट्या मुलाला दारात कोणी आलं आणि "बाथरूमला जाऊ दे" म्हणालं, तर ओळखीचं असलं तरी दार उघडायचं नाही. "आई येते आहे" एवढंच म्हणायचं. अडचण आली तर १०९८ हा नंबर मुलांसाठी आहे, भिंतीवर मोठ्या आकड्यात लिहून ठेवा.

आमची मोरी उघडीच आहे, दारच नाही. एकटं असताना चालतं, कानबाईला पंचाईत होते.

कानबाईच्या सणाला भाऊबंदकी जमते, रोटासाठी (कानबाईच्या नैवेद्याच्या जेवणासाठी) घरात पाय ठेवायला जागा नसते आणि मोरी एकच. जुन्या घरांत मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तीन फुटी कठड्याआड असते. तिथे माणसं खाकरून आत येतात, टॉवेल कठड्यावर दिसला की मागे फिरतात. ही पद्धत मोडू देऊ नका, चांगली आहे. सणापुरता वरून ताण-स्प्रिंगची दांडी लावून जाड पडदा सोडा, खाली फूटभर जागा ठेवून, म्हणजे पाणी उडून तो भिजत नाही. कायमचं करायचं तर पीव्हीसीचं घडीचं दार बसतं, भिंत पाडावी लागत नाही.

मळ्यात घर आहे, बाथरूम अंगणात. रात्री दार उघडं ठेवून बसलं तर चालेल?

माणसांची नाही, पण विंचू-सापाची भीती आहे. पावसाळ्यात थंड, ओलसर कोपरा त्यांना आवडतो, भांड्यामागे, बादलीखाली बसतात. आधी दिवा, मग कोपरे बघा, मग आत. दार लोटलेलं आणि खालची फट रबरी पट्टीने बंद असलेली बरी. रात्री अनवाणी जाऊ नका.

कोणी झरोक्यातून डोकावलं किंवा फोनने चित्रण केलं तर?

हा गुन्हा आहे. बाईच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं (१ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुनं ३५४ क). पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षं कैद. तुम्ही स्वतःच्या घरात दार उघडं ठेवलं होतं म्हणून डोकावणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही. पुरुष असो वा बाई, खासगी अवयवांचं चित्रण परवानगीशिवाय केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आहेच. "गावात बोभाटा होईल" म्हणून लोक गप्प बसतात. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरवा, पण मिळालेला पुरावा पुसू नका आणि कोणाला पुढे पाठवू नका.

कडी आत अडकली आणि घरात कोणीच नाही. काय करावं?

आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, लोखंडी कड्या गंजून फुगतात. ओढाताण करू नका. साबणाचा फेस कडीच्या दोन्ही टोकांना लावा, दार खांद्याने आत-बाहेर दाबत कडी थोडी थोडी सरकवा. दार चौकटीला घट्ट बसलं असेल तर कडीवरचा ताण काढला की ती निघते. नाहीच निघाली तर बिजागऱ्या बघा. दार आत उघडणारं असेल तर त्या तुमच्याच बाजूला असतात आणि काहींची पिन वर ठोकून काढता येते. म्हणून आत मोऱ्या घासायच्या ब्रशशेजारी एक जुना स्क्रू ड्रायव्हर ठेवून द्या. फोन जवळ असेल तर शेजाऱ्याला लावा, लाजू नका. आणि सुटका झाली की त्याच दिवशी ती कडी काढून टाका.